निर्वासितांच्या छावण्या आणि महासाथीतील आरोग्य-सूचना: बनगाव ते कॉक्स बाजार

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले आणि १७ मार्चला निर्वासितांच्या छावण्यांसाठी वेगळ्या अंतरिम मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि रेड क्रॉस-रेड क्रेसेंट महासंघ यांनी त्या मिळून तयार केल्या होत्या. वेगळ्या सूचनांची गरज उघड होती. घरातच थांबा, अंतर राखा, वारंवार हात धुवा, आजाऱ्याला स्वतंत्र खोलीत ठेवा, हे सांगताना ऐकणाऱ्याकडे घर, नळ आणि जास्तीची खोली आहे असे धरलेले असते. बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या कुतुपालोंगच्या रोहिंग्या छावणीत मात्र बांबू-ताडपत्रीच्या एका खोपटात सगळे कुटुंब राहत होते आणि पाण्यासाठी, शौचालयासाठी, धान्यासाठी दिवसातून अनेकदा रांगेत उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

छावणीतील माणसांना काय सांगावे आणि काय पुरवावे, याचे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळालेले आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये गिरवला गेला. इंडोनेशियात १९६१ साली सुरू झालेली कॉलऱ्याची सातवी महासाथ तेव्हा ओसरलेली नव्हती. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले आणि सीमेलगतच्या बनगावमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर कॉलरा पसरला. तिथल्या लहानशा रुग्णालयात रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून सलाईन देणे हा त्या काळचा मान्य उपचार होता, पण बाटल्या संपत आल्या होत्या आणि सुई टोचता येणारे प्रशिक्षित हातही अगदी मोजके होते.

कलकत्त्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे जो निर्णय घेतला, त्याला शास्त्रीय आधार होता. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून मीठ आणि पाणी शरीरात शोषले जाते, हे आधीच कळले होते आणि ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ साली त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. तरीही देखरेखीखालच्या खाटेवर जे जमते ते निर्वासितांच्या गर्दीत जमेल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. महालनबीस यांच्या पथकाने एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवून कलकत्त्यात पुड्या भरून घेतल्या, बनगावात पिंपांत द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आईबापांवर, भावंडांवर सोपवले. दोन महिन्यांच्या आसपास सुमारे ३,७०० रोग्यांवर असा उपचार झाला. एरवी अशा परिस्थितीत २० ते ३० टक्के रोगी दगावत. इथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार पुढे १९७८ साली जगभरासाठी स्वीकारला. महाराष्ट्रात गावोगावच्या आरोग्य केंद्रांत जलसंजीवनी म्हणून मिळणारी पुडी हे त्याच उपचाराचे रूप आहे. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. माझ्या मते बनगावातील सर्वांत दूरगामी गोष्ट द्रावणाच्या प्रमाणापेक्षाही ही होती की, निर्वासितांनी आपल्या माणसांवर स्वतः उपचार केले आणि त्यांना हे जमेल यावर एका डॉक्टरने भरवसा ठेवला.

ही पुडी हाताशी असूनही १९९४ च्या जुलैमध्ये झाईरमधील (आजच्या कांगो लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा येथे अनर्थ घडला. रवांडातून काही दिवसांत पाच ते आठ लाख लोक तिथे पोहोचले. ज्वालामुखीच्या कठीण खडकात शौचालयांचे खड्डे खणता येईनात, मृतांना पुरताही येईना, आणि लोक किवू सरोवराचे पाणी तसेच पीत होते. कॉलरा आणि आमांश यांनी प्रामुख्याने घेतलेल्या बळींची संख्या पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० झाली. या घटनेनंतर मदतसंस्थांनी १९९७ साली स्फिअर नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि किमान निकष लिहून काढले. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय, छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, हे आकडे त्यातले आहेत.

कॉक्स बाजार जिल्ह्यात २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले, तेव्हा निकष हाती होते, पण जमीन नव्हती. छावणीत माणशी एकूण ४५ चौरस मीटर जागा असावी अशी शिफारस असताना कुतुपालोंगच्या विस्तारित भागात ती सरासरी ११ चौरस मीटरही नव्हती. कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस ऑक्टोबरमध्येच मोठ्या प्रमाणावर दिली गेली. घटसर्पाची साथ मात्र वर्षअखेरीस पसरलीच. ज्या देशाचे लोक १९७१ साली स्वतः निर्वासित होते, त्याच देशाने या माणसांना आसरा दिला, हे इथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

त्याच सरकारचा एक निर्णय मात्र घातक ठरला. सप्टेंबर २०१९ पासून छावण्यांतील मोबाइल इंटरनेटवर निर्बंध होते आणि ते ऑगस्ट २०२० च्या अखेरीस उठले, म्हणजे महासाथीचे पहिले महिने लोकांनी अपुऱ्या माहितीवर काढले. रोहिंग्या भाषेत वाचणारे फार थोडे असल्याने छापील पत्रके निरुपयोगी ठरत होती. ध्वनिमुद्रित संदेश आणि तोंडी निरोप हाच मार्ग होता. लागण झालेल्याला मारून टाकतात अशी अफवा पसरल्याने लोक ताप लपवू लागले. छावणीतील पहिला रुग्ण १४ मे २०२० रोजी जाहीर झाला.

लसीच्या बाबतीत निर्वासित पुन्हा रांगेच्या शेवटी राहिले. गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. भारतातील दुसऱ्या लाटेमुळे २०२१ च्या वसंतात निर्यात थांबली, तेव्हा कॉक्स बाजारच्या छावण्यांतील लसीकरणही पुढे ढकलले गेले. ते १० ऑगस्टला सुरू झाले, तेही ५५ वर्षांवरील लोकांपासून. त्यांना केंद्रापर्यंत आणण्याचे काम हजाराहून अधिक आरोग्य स्वयंसेवकांकडे होते. हे स्वयंसेवक बहुतेक स्वतः रोहिंग्या निर्वासित होते आणि आदल्या वर्षभर खोपटाखोपटांतून फिरून कोणाला ताप आहे, कोणाला धाप लागते, हे तेच विचारत आले होते.