प्राणहितेच्या काठचे शार्क, पण समुद्र कुठाय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याकडच्या दगडात शार्कचे दात निघतात म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतं, म्हणजे इथं समुद्र होता का भाऊ? ज्या थरांतून हे दात निघतात त्या काळात तरी नव्हता राजे हो, नद्या नि तळी होती, आणि शोध सुरू झाला तोही माशांसाठी नाही तर कोळशासाठी.

वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तिच्या डाव्या काठावर सिरोंचा तालुक्यात कोटा गाव आहे. १८५० च्या आगेमागे इंग्रज डॉक्टर तिथं कोळसा हुडकत होते, हाती लागले चुनखडीतले मासे. १८५१ मध्ये माशांच्या जीवाश्मांचा अभ्यासक एगर्टनने त्यातल्या एकाला लेपिडोटस डेक्कनेन्सिस नाव दिलं. याचे खवले जाड, चौकोनी, वरून असे चकचकीत की जणू आत्ताच व्हार्निश मारलंय.

त्याच काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप होता, हो तोच, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे. धंद्याने मिशनरी पण खरा जीव दगडात. नदीपलीकडे मालेरीला (आता तेलंगणात) लाल मातीत जे दात मिळाले त्यांच्यावर भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅमने १८५९ मध्ये लिहिलं आणि एका जातीला हिस्लॉपिआनस म्हटलं. हे दात सेराटोडसचे, म्हणजे फुफ्फुसाने श्वास घेणाऱ्या माशाचे, टोकदार बिलकुल नाहीत, जाड चपटी पट्टी नि एका कडेला कंगोरे. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेला, पन्नाशीही गाठली नव्हती.

शार्कचा नंबर खूप उशिरा लागला. मालेरीच्या ट्रायासिक (डायनासोर नुकते येऊ लागले त्या काळच्या) थरातल्या झेनाकँथ शार्कवर एस. एल. जैन यांनी १९८० मध्ये लिहिलं, हा शार्कच गोड्या पाण्यातला, दाताला दोन फाकलेली टोकं. कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्यानंतरच्या ज्युरासिक काळातल्या थरांतून यादगिरींनी १९८६ मध्ये हायबोडाँट (आता नामशेष झालेल्या गटातला) शार्क नोंदवला. हे दात इतके बारीक की काठावर फिरून कोणाला दिसणार नाहीत, दगड सौम्य ॲसिडमध्ये विरघळवायचा, उरलेला गाळ चाळायचा, मग मायक्रोस्कोपखाली एकेक कण बघत बसायचं. त्याच कोट्याच्या थरात गोड्या पाण्यातले शिंपलेवाले बारके जीवही आहेत, म्हणून तर समुद्राचा दावा टिकत नाही.

खरा समुद्री दगड पाहिजेच असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात आहे की, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांना लागणारी पैनगंगा गटाची चुनखडी समुद्रातच साचली, फक्त ती इतकी जुनी की तेव्हा जगात मासाच नव्हता, दात कुठून येणार. समुद्री शार्कच पाहिजे असेल त्याने मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातलं बाघ नावाचं गाव गाठावं.