लंडनहून येताना विमान लवकर का पोहोचतं?

साताऱ्यात ज्यांची मुलं परदेशी आहेत, त्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून लंडनहून मुंबईला येताना वेळ कमी लागतो."

वेळ कमी लागतो हे खरं. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. पण येताना साधारण तासभर वाचतो. कारण मात्र वेगळं आहे.

आपल्या पायाखालची जमीन ताशी जवळपास १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते आणि हवाही तिच्यासोबतच फिरते. तसं नसतं, तर ताशी ९०० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला पुढे पळणारी मुंबई कधी गाठताच आली नसती! पुण्याच्या एस.टी.त बसलात की एक शेंगदाणा सरळ वर उडवून बघा. गाडी एकसारख्या वेगात असेल तर तो परत तळहातावरच पडतो, मागच्या सीटवर नाही.

वेळ वाचवतो तो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात, हिवाळ्यात जास्तच. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर.

पडताळायचं तर तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करू नका. दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेचार. त्यापेक्षा प्रवासात समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग बघायला मुलांना सांगा. जाताना आणि येतानाचा आकडा वेगळा दिसेल.