ताल कोण धरणार? अरेंजर आणि वर्कस्टेशनमधला खरा फरक

अरेंजर आणि वर्कस्टेशन हे कीबोर्डचे दोन प्रकार. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. ६१ पट्ट्या, मधोमध स्क्रीन, डावीकडे स्वर वरखाली वाकवणारा पिच बेंड. डेमोचं बटण दाबलं की दोन्हीतून अख्खा वाद्यवृंद वाजतो. फरक कळतो तो गायिका स्टेजवर अंतऱ्याची ओळ अचानक पुन्हा घेते तेव्हा.

अरेंजरमध्ये डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोन-तीन स्वर धरायचे. त्या कॉर्डवर ढोलकी, बास, गिटार, स्ट्रिंग्ज यंत्र लावत जातं. कंपनी याला स्टाइल म्हणते, आपले वादक रिदम. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० मध्ये इंट्रो, मेन ए ते डी, ब्रेक, एंडिंग असे त्याचे तुकडे असतात. मेन ए तुम्ही बदलेपर्यंत फिरत राहतो, त्यामुळे ओळ दोनदा झाली काय नि चारदा काय, काही बिघडत नाही. वर्कस्टेशनचा घाट १९८८ च्या कॉर्ग एम१ ने रूढ केला: आवाज, इफेक्ट्स, ड्रम आणि वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारा ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच पेटीत. पण सिक्वेन्सरवर बांधलेलं गाणं रुळावरून धावतं. गायिकेने एक ओळ जास्त घेतली की ती अंतऱ्यात आणि ट्रॅक म्युझिक पीसमध्ये, म्हणजे ओळींमधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात.

म्हणून आवाजांची संख्या मोजत बसू नका. स्टेजवर ताल कोण धरणार, एवढं आधी ठरवा. ढोलकी, तबला, ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) असेल तर अरेंजरचा निम्मा भाग बंदच राहणार, आणि त्यातल्या न वापरलेल्या स्पीकरचं ओझं मात्र वाहावं लागणार: एसएक्स९०० सुमारे ११.५ किलो, तेवढ्याच पट्ट्यांचा, वर्कस्टेशनसारखा वापरला जाणारा यामाहाचाच मोडएक्स६ ६.६ किलो. याउलट हळद, बारसं, सोसायटीचा गणपती अशा ठिकाणी एक गायक आणि तुम्ही, एवढेच असाल तर अरेंजर घ्या, दुसरा विचार नको.

आता अरेंजर आपल्या गाण्यांना कुठे अडतो ते. पहिली अडचण गंधाराची. स्टाइल मेजर किंवा मायनर कॉर्ड वाजवते, म्हणजे शुद्ध किंवा कोमल ग सतत वाजतो. ज्या चालीत दोन्ही ग येतात किंवा ग वर्ज्य आहे, तिथे तो कानाला टोचतो. उपाय सोपा आहे: फिंगरिंग टाइप (कॉर्ड कसा ओळखायचा ती सेटिंग) 'फिंगर्ड' ठेवा आणि डाव्या हाताने फक्त सा-प धरा. यामाहा ते गंधाराशिवायचा कॉर्ड म्हणून ओळखतो. 'सिंगल फिंगर'वर ही सोय नाही. तिथे एक पट्टी दाबली की सरळ मेजर.

दुसरी अडचण फिलची, म्हणजे तालातल्या छोट्या भरणीच्या तुकड्याची. फिल बटण दाबल्यापासून मापाच्या (तालाच्या एका आवर्तनाच्या) शेवटापर्यंत वाजतो. समेच्या जरा आधी घाबरून, अगदी शेवटच्या अर्ध्या मात्रेत बटण दाबलं, तर तो पुढच्या मापात जातो आणि मुखड्याचे पहिले शब्द टॉमटॉम ड्रमखाली बुडतात. बटण तिसऱ्या मात्रेवरच दाबायची सवय लावा. रूपकाच्या ७ मात्रा तयार स्टाइलमध्ये शोधू नका. बहुतेक ४/४ आणि ३/४ असतात, ७ ची घरी बनवून आणा. आणि लग्गीची दुगुन, म्हणजे दुप्पट लयीतला ठेका? ती ढोलकीवाल्याचीच.

स्केल बदलणं दोन्हीत एका बटणाचं काम: काळी चारवरून काळी पाच म्हणजे ट्रान्सपोज +२, सगळे स्वर दोन पट्ट्या वर. फक्त एसएक्स९०० मध्ये मिडी गाणं (कीबोर्ड स्वतः वाजवतो ती स्वरांच्या नोंदींची फाइल) चालू असेल तर 'कीबोर्ड' नव्हे, 'मास्टर' ट्रान्सपोज करा, नाहीतर तुम्ही एका स्केलमध्ये आणि गाणं दुसऱ्यात. पेनड्राइव्हवरचा ऑडिओ मास्टरनेही हलत नाही, त्याची पिच वेगळी बदलावी लागते.

वर्कस्टेशनची कमाल म्युझिक पीस वाजवताना दिसते. डावीकडच्या २४ पट्ट्यांवर स्ट्रिंग्ज, उरलेल्या ३७ वर बासरी, पुढच्या सीनमध्ये (साठवलेल्या मांडणीत) तिथेच संतूर. स्ट्रिंग्जचा झोन, म्हणजे त्या पट्ट्यांचा भाग, एक सप्तक वर सरकवा, नाहीतर तो खर्जात गुरगुरतो. टोन (निवडलेला आवाज) बदलताना आधीच्या स्वराची शेपटी तुटते का, हे घेण्याआधी दुकानातच तपासा: स्ट्रिंग्ज दाबून धरा आणि टोन बदला. मोडएक्समध्ये शेपटी टिकते, पण परफॉर्मन्समध्ये (एकत्र साठवलेल्या आवाजांच्या संचात) ४ पार्टपर्यंतच, म्हणजे चार आवाजांपर्यंतच. पाचवा पार्ट जोडला की ती सोय संपते. आणखी एक नेहमीची तक्रार: एकटा वाजवताना भरदार वाटणारा टोन लेयरमध्ये, म्हणजे दुसऱ्या टोनवर चढवला की, पातळ होतो. टोन बिघडलेला नसतो, एकत्र आणताना त्याचा स्वतःचा इफेक्ट गळालेला असतो. तो परत जोडा, व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही.

ऑर्केस्ट्रात रोलँड एक्सपीएस-३० ला सर्रास वर्कस्टेशन म्हणतात. कंपनी त्याला सिंथेसायझर म्हणते, सिक्वेन्सर ८ ट्रॅकचा पॅटर्नवाला. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. डाव्या हाताच्या कॉर्डवर साथ करणारी स्टाइल त्यात नाही, एवढं लक्षात असू द्या.

साउंडवाल्याची बाजूही बघा. अरेंजरचा ढोलक, बास आणि तुमची बासरी एकाच एल-आर (डावं-उजवं) आउटपुटच्या जोडीतून जाते; ढोलक कमी कर म्हटलं तर तो काय करणार? एसएक्स९०० ला सब आउट, म्हणजे जादा वेगळी आउटपुट आहेत, रिदम तिकडे वळवून वेगळ्या चॅनेलवर द्या.

पेनड्राइव्हवरची स्टाइल रजिस्ट्रेशनमध्ये (एका बटणावर साठवलेल्या सेटिंगमध्ये) साठवली असेल तर फोल्डरचं नाव नंतर बदलू नका, रजिस्ट्रेशन फक्त पत्ता लक्षात ठेवतं. आणि मंडपात जनरेटर असेल तर छोटा यूपीएस न्या. कॉर्ग क्रोनॉस या वर्कस्टेशनला चालू व्हायलाच दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ निवेदकाकडे विनोद नसतात.