दिशाभूल करणारी जाहिरात (भारतातील नियमन)

माल किंवा सेवेचे खोटे वर्णन करणारी, फसवी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अशी जाहिरात बेकायदा ठरते. थोडीफार बढाई मात्र कायदा खपवून घेतो. ‘सर्वांत चविष्ट मसाला’ म्हटल्याने कोणी खटला भरत नाही. ‘99 टक्के जंतू मारतो’ म्हटले की तो मोजता येणारा दावा होतो आणि पुरावा मागितला जातो.

मक्तेदारी रोखण्यासाठी केलेल्या 1969 च्या कायद्यात ग्राहकाच्या फसवणुकीविरुद्ध तरतूदच नव्हती. या कायद्याचा आढावा घेणाऱ्या सच्चर समितीच्या शिफारशींनंतर 1984 मध्ये त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण घातले गेले. त्यावरचा गाजलेला निकाल 1989 चा. नोविनो बॅटरीच्या जाहिरातीत ‘जपानच्या नॅशनल पॅनासॉनिकच्या सहकार्याने’ असे छापले होते. प्रत्यक्षात करार मात्सुशिता कंपनीशी होता. नॅशनल आणि पॅनासॉनिक ही तिच्याच मालाची नावे. विधान काटेकोरपणे खरे नव्हते, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते अनुचित मानले नाही, कारण सामान्य माणसाच्या मनावर त्याचा परिणाम काय होतो हे पाहायचे असते. हीच कसोटी उलटही लागते: शब्दन्‌शब्द खरा असूनही जाहिरात फसवी ठरू शकते.

शिकवणी वर्गांचे फलक हे त्याचे उत्तम उदाहरण. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की पुण्याच्या सदाशिव पेठेत यशस्वी उमेदवारांचे फोटो झळकतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या दिल्लीतल्या खासगी वर्गांची चौकशी झाली, तेव्हा अशा जाहिरातींतल्या अनेकांनी फक्त मुलाखतीचे मोफत मार्गदर्शन घेतल्याचे आढळले. फोटो खरा, निकाल खरा, पण पूर्वपरीक्षेची शिकवणीही तिथेच झाली हा समज खोटा. नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणता अभ्यासक्रम, सशुल्क की मोफत, हे सांगावे लागते. उमेदवाराची लेखी संमतीही निकालानंतरच घ्यावी लागते.

ही कारवाई 2020 मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण करते. दंड पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत. जाहिरातीत दिसणाऱ्या नटनट्या आणि खेळाडूंनाही दंड होतो, शिवाय एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. दाव्याची नीट शहानिशा केली होती असे दाखवले तर सुटका. मुंबईतली जाहिरात मानक परिषद (1985) ही उद्योगानेच उभी केलेली संस्था आहे. ती जाहिरात बदला किंवा मागे घ्या असे सांगते, पण दंड करू शकत नाही.

‘अटी लागू’ची चांदणीही (*) प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पकडली. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा, आणि त्याने मूळ दावा खोडून काढता कामा नये. मराठी जाहिरातीखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी देणे त्यामुळे नियमबाह्य आहे, जरी ते रोज दिसत असले तरी. मद्याच्या नावाने सोडा विकल्याचे सोंग, म्हणजे आडून केलेली जाहिरातही त्यात निषिद्ध ठरली. नोव्हेंबर 2023 मध्ये ॲप आणि संकेतस्थळांवरच्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी आली: न विचारता बिलात घुसवलेला विमा, किंवा तो नाकारताना ‘मी असुरक्षितच राहीन’ असे लिहिलेले बटण दाबायला लावणे.

घरांसाठी वेगळा कायदा आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही सक्तीचा केला. खोट्या जाहिरातीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाला ती व्याजासह परत मागता येते.

प्राधिकरणाने वसूल केलेला दंड तक्रारदाराच्या हाती पडत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते. 2019 च्या कायद्याने त्याचे नाव बदलले, पण बोलताना लोक अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात.