कालव्याचं पाणी आणि शब्दाचं मूळ

मराठीच्या तासाला ‘साधित शब्द’, गणिताच्या तासाला ‘सूत्र सिद्ध करा’. इंग्रजीत या दोन्हींना डेरिव्हेशन हा एकच शब्द चालतो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये: ‘रिवुस’ म्हणजे ओढा, आणि ‘देरिवारे’ म्हणजे वाहतं पाणी वळवून दुसरीकडे नेणं. जायकवाडीचा डावा कालवा ज्यांच्या शिवारातून गेलाय, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. धरणातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून शेताच्या दांडात. पाणी गोदावरीचंच. ते पाळीपाळीनं सोडतो तो पाटकरी, आणि ‘पाट’ला ‘करी’ लागून झालेला हा शब्द स्वतःच साधित. शेतकरी, वारकरी हेही त्याच घडणीचे.

गणितात लाग्रांज या गणितज्ञानं १७९७च्या ग्रंथात मूळ फलनापासून (फंक्शन) निघणाऱ्या फलनाला ‘साधित फलन’ म्हटलं. क्ष-वर्गातून २क्ष निघतो तसं. तोच आपला विकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह.

संस्कृतात मात्र दोन शब्द आहेत. शब्दाची ती व्युत्पत्ती, गणिताची ती उपपत्ती. उपसर्ग बाजूला काढा, दोन्हींत धातू एकच उरतो: पद्, म्हणजे जाणं. भास्कराचार्य आपल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्यायाच्या सुरुवातीलाच बजावतात की, ग्रहगणिताची उपपत्ती ठाऊक नसेल तर जाणत्यांच्या सभेत गणकाला मान नाही, आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

गोदाकाठी या दोन्ही विद्या नांदल्या. कथासरित्सागरातली पैठणच्या सातवाहन राजाची गोष्ट प्रसिद्ध आहे. जलक्रीडेत राणी म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजानं मोदक मागवले! राणी हसली, राजा खजील झाला आणि संस्कृत शिकायचंच असं त्यानं ठरवलं. दरबारातला पंडित गुणाढ्य व्याकरण शिकवायला सहा वर्षं मागत होता. दुसरा पंडित शर्ववर्मा, त्यानं सहा महिन्यांत शिकवलं. त्यातून कातंत्र हे संस्कृतचं सोपं व्याकरण जन्मलं, अशी ही कथा.

पुढे पार्थपूर, म्हणजे आपली पाथरी. इथल्या ज्ञानराजानं १५०३च्या सुमारास सिद्धान्तसुंदर हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास यानं १५३८मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. पाथरीच्या पोरांना हे नाव शाळेतच कळायला हवं. याच सूर्यदासाचं रामकृष्णविलोमकाव्यही आहे: श्लोकाचा पूर्वार्ध सरळ वाचला तर रामाची कथा, अक्षरं उलट्या क्रमानं वाचली तर कृष्णाची.