कुंपणातून डास जातो, मग मास्कमधून विषाणू का अडतो?

जुलैचा दुसरा आठवडा. घोडबंदर रोडवर पाऊस, त्यात मेट्रोच्या कामाचा चिखल, आणि लेकीच्या तिसरीच्या वर्गात निम्मी मुलं खोकणारी. वर्गशिक्षिकेनं पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: ‘सर्दी-खोकला असलेल्या मुलांना मास्क लावून पाठवावे. मीही उद्यापासून लावणार आहे.’ झालं! रात्री साडेदहापर्यंत ग्रुप पेटलेला. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, राज्यानं मास्कची सक्ती उठवली, तेव्हा हा वादही माळ्यावर गेला असं मला वाटलं होतं.

मग एका बाबांनी ते जुनं चित्र पाठवलं. तारेचं कुंपण आणि त्यातून आरामात आरपार जाणारा डास. खाली मजकूर: ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, एन-९५ अडवतो ०.३ मायक्रॉनचे कण. आता तुम्हीच ठरवा!’ त्यावर धडाधड अंगठे.

आकडे दोन्ही बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र पार उलटा. तो उलटा का, हा माझा अतिशय लाडका विषय आहे, तेव्हा जरा बसा.

मास्क म्हणजे चाळणी, हीच मूळ चूक. सर्जिकल मास्कचा किंवा एन-९५चा मधला थर नारळाच्या काथ्याच्या बोळ्यासारखा असतो: पॉलिप्रॉपिलीनचे काही मायक्रॉन जाडीचे तंतू, एकमेकांत कसेही गुंतलेले. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा.) तंतूंमधल्या फटी कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. पण इतका बारीक कण तंतूला एकदा टेकला की तिथेच चिकटतो, सुटत नाही. म्हणजे कण भोकातून मावतो का, हा प्रश्नच नाही. कुठल्याही तंतूला न शिवता तो एवढा गुंता पार करू शकतो का, हा प्रश्न आहे.

मोठा कण, समजा २ मायक्रॉनचा, गायमुखच्या वळणावरच्या कंटेनरसारखा. हवा तंतूला वळसा घालून जाते, याला तेवढं झटकन वळता येत नाही. सरळ जाऊन धडकतो. अगदी छोटा कण, ०.०५ मायक्रॉनचा, म्हणजे संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर सापडलेलं लहान पोर. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत राहतात, तो वेडावाकडा भेलकांडतो आणि कठड्याला लागतोच. ही ब्राउनियन गती. रॉबर्ट ब्राउननं १८२७ मध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, १९०५ मध्ये आइन्स्टाइननं तिचं गणित मांडलं.

आता मधला, ०.३ मायक्रॉनचा. वळणावर घसरण्याइतका जड नाही, धक्क्यानं भेलकांडण्याइतका हलका नाही. हा रोजचा मुरलेला प्रवासी. गर्दी जिकडे वळते तिकडे वळतो आणि कुणालाही न लागता फलाटावर उतरतो. गणितातच सांगायचं तर धडकण्याची प्रवृत्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, भेलकांडणं व्यास वाढेल तसं घटतं. त्यातही कण जेव्हा हवेच्या रेणूंच्या सरासरी मुक्त पथाच्या (दोन टकरींमध्ये रेणू सरासरी जेवढं अंतर कापतो त्याच्या), म्हणजे सुमारे ०.०६६ मायक्रॉनच्या, जवळपास येतो, तेव्हा हवा त्याला सलग द्रवासारखी लागत नाही, तो रेणूंच्या मधून निसटत जातो आणि भेलकांडणं आणखी वाढतं. दोन्ही वक्र एकत्र काढले की ०.३ च्या आसपास एक खड्डा दिसतो. मास्क सगळ्यात कच्चा असतो तो तिथे. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर तो पुलावरचा प्रवासी तेवढा लक्षात ठेवा.)

म्हणूनच एन-९५ची परीक्षा ०.३ मायक्रॉनवर घेतात. सगळ्यात अवघड पेपरात निदान ९५ टक्के. त्याहून मोठ्या कणांना तो जास्त अडवतो आणि त्याहून लहानांनाही. शिवाय विषाणू काही एकटा उघडा फिरत नाही, थुंकीच्या-शेंबडाच्या थेंबात बसून येतो, आणि ते थेंब बहुधा त्याच्याहून बरेच मोठे असतात.

त्या मुरलेल्या प्रवाशाला पकडायला आणखी एक युक्ती आहे: तंतूंवर कायमचा विद्युतभार. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांनी असा भार चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९९५ मध्ये मिळवलं. मी लेकीसमोर एक सर्जिकल मास्क कात्रीनं उसवला. बाहेरचा निळा थर, आतला पांढरा, आणि मधे टिश्यू पेपरसारखा एक पातळ थर. तो थर्माकोलच्या चुऱ्यावर धरला तर दाणे टुणकन उडून चिकटले. दुसरा मास्क साबणाच्या पाण्यात धुऊन दोन दिवस दोरीवर वाळवला. त्याला जेमतेम चार-दोन दाणे लागले. धुतलेला मास्क दिसतो नवा, पण साबणानं भार उतरलेला असतो. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त मास्कमध्ये तर कित्येकदा मधला थरच नसतो.

आणि हो, ‘मास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडतो’ म्हणणाऱ्यांसाठी: त्याचा रेणू विषाणूच्या शेकडो पट लहान असतो आणि हवेबरोबरच ये-जा करतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये गळ्यात कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी बांधून ऑक्सिजन वाढवणारेही हेच लोक होते. पुरचुंडीचा वास छान होता, एवढंच.

मग शाळेत सगळ्यांनी मास्क लावायचा का? नाही, मला तसं वाटत नाही. चेहरा आणि मास्क यांच्यात फट राहिली की वरचं सगळं भौतिकशास्त्र त्या फटीतून निघून जातं, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर मोठ्या माणसाचा मास्क म्हणजे नुसती फटच. शिवाय डब्याच्या सुट्टीत चाळीस तोंडं एकदम उघडी. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये सुमारे ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. तिथे मास्क वापरणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोविड ११ टक्क्यांनी कमी आढळला. फायदा आहे, पण चमत्कार नाही, आणि तो प्रयोगही प्रौढांवरचा. आपल्या केंद्र सरकारनंही जानेवारी २०२२ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको असंच सांगितलं होतं.

खोकणाऱ्या मुलानं मात्र घरी राहावं, ते जमत नसेल तर मास्क लावावा. बाईंचं प्रकरण अवघड. वर्गात सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात जास्त त्या बोलतात, आणि आवाज चढतो तसे तोंडातून उडणारे कणही वाढतात. त्यांना खोकला असेल तर त्यांच्या एका मास्कचा उपयोग दहा मुलांच्या मास्कहून जास्त. पण मास्क नेमके वरच्या पट्टीतले आवाज खातो, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ तिथेच राहतात. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, हे पहिलीतल्या मुलाला तोंड झाकून शिकवून दाखवा! ज्याला कमी ऐकू येतं, ते मूल तर ओठांवरच अवलंबून असतं.

या सगळ्या भांडणात हवेचं नाव कुणी काढलं नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग, उच्छ्वासात ४० हजार. कोंदट वर्गात तो २००० झाला, तर आपण घेतो त्या हवेचा पंचविसावा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. लेकीच्या वर्गाच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला आहेत. पावसाळ्यात सर आत येते आणि उन्हाळ्यात धूळ, म्हणून त्या बारा महिने बंद. भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा आहे. शनिवारच्या पालकसभेत मी मास्कबद्दल काही बोलणार नाही, त्या पंख्याबद्दल विचारणार आहे. लेक म्हणते, त्यात कबुतरानं घरटं केलंय आणि पिल्लं अजून उडत नाहीत.