गद्दी कुत्र्याची जनुकं वाचताना

हिमाचल प्रदेशातले गद्दी मेंढपाळ उन्हाळा लागला की मेंढ्या-शेळ्यांचे कळप घेऊन धौलाधारच्या खिंडी ओलांडतात, लाहौलच्या कुरणांकडे जातात आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा कांगड्याच्या पायथ्याला उतरतात. या सगळ्या वाटेवर कळपाबरोबर एक दाट केसांचं, जाड मानेचं, बहुधा काळं कुत्रं चालत असतं. त्याच्या गळ्यात लोखंडी अणकुचीदार पट्टा असतो, कारण बिबट्या आधी मान धरतो. जानेवारी २०२५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या कुत्र्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ (म्हणजे आपल्याकडचं कारवान) यांच्यानंतरची ही चौथी जात, आणि हिमालयातली पहिली.

नोंद झाली हे चांगलंच झालं. पण एकदा जातीला सरकारी नाव मिळालं की पाठोपाठ एक प्रश्न येतो: माझं कुत्रं अस्सल गद्दी आहे का? मेंढपाळाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्याच्याकडे वंशावळीची वही नव्हती. जे कुत्रं मेंढीला दात लावत नाही आणि बिबट्या आला तर पळत नाही, त्याची पिल्लं ठेवायची, एवढीच त्याची निवड. आता मात्र उत्तर शोधायला लोक प्रयोगशाळेकडे बघू लागतील. म्हणून ही डीएनए चाचणी नेमकं काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

नमुना घेणं सोपं असतं. कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, लाळेबरोबर ज्या पेशी येतात त्यांच्यातून डीएनए वेगळा काढायचा. कुत्र्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे २४० कोटी अक्षरांचा मजकूर, ३९ गुणसूत्रांच्या जोड्यांमध्ये विभागलेला. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर बरीच वर्षं जगभरातली कुत्री तिच्याशी ताडून पाहिली गेली. प्रत्येक वेळी सगळी अक्षरं वाचणं महाग पडतं. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत एका चिपवर, जिथे कुत्र्या-कुत्र्यांत फरक असतो अशा ठरावीक जागाच तपासतात. संशोधनात बरीच वापरली जाणारी अशी एक चिप पावणेदोन लाखांच्या आसपास जागा वाचते.

इथपर्यंत सगळं मोजमाप असतं. पुढची पायरी तुलनेची. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ८५ जातींची ४१४ कुत्री घेतली, डीएनएतल्या फक्त ९६ जागा तपासल्या आणि त्यावरून कुत्र्याची जात ओळखून दाखवली. उत्तर ९९ टक्के वेळा बरोबर आलं. या निकालामुळेच बाजारातल्या जात-ओळख चाचण्यांचा पाया पक्का झाला. पण त्यात एक अट दडलेली आहे. ती ८५ जातींची कुत्री आधीच संशोधकांच्या यादीत होती, आणि बहुतेक जाती युरोप-अमेरिकेतल्या क्लबांनी शंभर-दीडशे वर्षं बंद वहीत, म्हणजे वंशावळीत बाहेरचं कुत्रं न घेता, जोपासलेल्या होत्या.

यादीत गद्दी नसेल तर? संगणक ‘माहीत नाही’ असं क्वचितच म्हणतो. हजेरीपटावर नावच नसलेल्या मुलाला मास्तरांनी शेजारच्याच्या नावाने हाक मारावी, तसं ते होतं. अहवालात इतके टक्के तिबेटी मॅस्टिफ, तितके टक्के मध्य आशियाई राखणदार, उरलेलं ‘गावठी’ अशी वाटणी छापून येऊ शकते. वाचणाऱ्याला वाटतं, आपलं कुत्रं संकरित निघालं. प्रत्यक्षात त्या टक्क्यांचा अर्थ एवढाच की यादीतल्या जातींपैकी या जाती त्याला सगळ्यांत जवळच्या आहेत. दुर्मिळ जातींचे मालक जगभर या गोष्टीने बुचकळ्यात पडतात, आणि दोष बहुतेकदा कुत्र्याला दिला जातो.

राखणदार कुत्र्यांच्या बाबतीत ‘शुद्ध’ या कल्पनेला आणखी मोठा धक्का बसतो तो लांडग्यांमुळे. कुत्रा आणि लांडगा दोघांचीही गुणसूत्रं ७८ असतात आणि त्यांची पिल्लं प्रजननक्षम असतात. ज्या कुत्र्याचं काम लांडग्याला दूर ठेवायचं, तेच आयुष्यभर लांडग्याच्या शेजारी राहतं. काकेशस पर्वतातल्या जॉर्जिया देशात २०१४ साली मेंढपाळांची कुत्री आणि रानातले लांडगे यांचा डीएनए तपासला गेला. दहापैकी एकाहून थोड्या जास्त कुत्र्यांत लांडग्याचा अंश सापडला आणि लांडग्यांतही साधारण तेवढ्याच प्रमाणात कुत्र्याचा. म्हणजे राखण चालू होती आणि सोयरीकही.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे, फक्त तिथे चिंता लांडग्याची आहे. पुण्याजवळच्या माळरानावर पिवळसर रंगाचे वेगळेच दिसणारे प्राणी नजरेस पडले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी इतर संस्थांबरोबर त्यांचा जनुकसंच वाचला आणि २०२३ मध्ये ते लांडगा-कुत्रा संकर असल्याचं दाखवून दिलं. भारतीय लांडगा ही फार जुनी आणि आता विरळ होत चाललेली वंशशाखा आहे. तिच्यात भटक्या कुत्र्यांची जनुकं शिरणं हा खरा धोका आहे.

उलट दिशेने, लांडग्याकडून कुत्र्याकडे आलेलं जनुक मात्र कधीकधी वरदान ठरतं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण गद्दीच्या शेजारचंच आहे. तिबेटी मॅस्टिफ चार हजार मीटरहून उंच पठारावर याकांचे आणि मेंढ्यांचे कळप राखतो. इतक्या उंचीवर ऑक्सिजन कमी मिळतो. सपाटीवरच्या प्राण्याचं शरीर त्यावर उपाय म्हणून लाल पेशी वाढवत सुटतं, रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो. ईपीएएस-१ नावाच्या जनुकाचा एक खास प्रकार ही वाढ आवरती ठेवतो. मॅस्टिफमध्ये हा प्रकार आहे, आणि २०१७ च्या एका अभ्यासानुसार तो तिबेटच्या लांडग्यांकडून आला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने त्यांचं हिमोग्लोबिन तपासलं. त्यातले दोन अमिनो आम्लांचे बदल ऑक्सिजन अधिक घट्ट पकडून ठेवतात, आणि तेही लांडग्याकडूनच आलेले. लांडग्यात ते बदल उद्भवले कसे, ही गोष्ट तर आणखी गमतीची: शेजारच्या एका निकामी पडलेल्या जनुकाचा तुकडा चालू जनुकात नकलून आला. आणि तिबेटी माणसांनीही ईपीएएस-१ चा आपला प्रकार असाच उसना घेतलेला आहे, डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून. मालक आणि कुत्रा, दोघांनी एकच अडचण स्थानिक रहिवाशांशी नातं जोडून सोडवली!

आता ‘लांडग्याचा अंश शून्य’ ही शुद्धतेची कसोटी मानली असती, तर मॅस्टिफचा सर्वांत मोलाचा वारसा भेसळ म्हणून बाद झाला असता. दिसण्यावरून निवड केली की काय होतं तेही याच जातीत दिसलं. चीनमध्ये मॅस्टिफ हे श्रीमंतीचं लक्षण बनलं. २०१४ मध्ये एका पिल्लाला सुमारे १ कोटी २० लाख युआन मिळाल्याची बातमी जगभर फिरली. आयाळ मोठी आणि अंग अवाढव्य दिसावं म्हणून वाटेल तसे संकर झाले. मग बाजार कोसळला आणि सोडून दिलेली कुत्री पठारावर टोळ्यांनी फिरू लागली. त्या तेजीत डीएनए चाचणी उपलब्ध होती. लोक पैसे मात्र आयाळीचे मोजत होते.

चाचणी खरी उपयोगी पडते ती आजार आणि रक्तातलं नातं यांच्यासाठी. पिरेनीज पर्वतातल्या पांढऱ्या राखणदार कुत्र्यांत ग्लान्झमन नावाचा रक्तस्रावाचा आजार आढळतो. एका जनुकातला १४ अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेल्याने रक्तबिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींना) एकमेकींना धरता येत नाही आणि रक्त थांबत नाही. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत असलेलं कुत्रं ठणठणीत असतं. त्याला वाहक म्हणतात. मणक्यातल्या मज्जारज्जूचा ऱ्हास होऊन म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडतात, त्या आजाराशी जोडलेला एसओडी-१ जनुकातला बदलही २००९ मध्ये सापडला. तो कितीतरी जातींत आहे, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असूनही काही कुत्री आजारी पडत नाहीत.

अहवालात ‘वाहक’ हा शब्द दिसला की हौशी पालक त्या कुत्र्याला प्रजननातून काढून टाकतात. लाखोंच्या संख्येतल्या जातीला हे परवडतं. काहीशे कुत्र्यांच्या जातीत मात्र एका दोषासाठी तीस वाहक बाद केले, तर त्यांच्याबरोबर त्यांची बाकीची हजारो चांगली जनुकंही जातात. उरलेली कुत्री एकमेकांची आणखी जवळची नातलग होतात आणि पुढच्या पिढीत नवाच दोष डोकं वर काढतो. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावावी, पिल्लं तपासावीत आणि पुढची निवड त्यांच्यातून करावी, हाच शहाणा मार्ग. नात्यातल्या संकरांचा बोजा काय असतो ते क्लबांच्या जातींकडे पाहून कळतं. २०२१ मध्ये २२७ जातींची मोजणी झाली, तेव्हा सरासरी जवळिकीचं प्रमाण २५ टक्के निघालं. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात असावं तितकं. बंद वही म्हणतात ती हीच.

राहता राहिला मेंढपाळाचा प्रश्न: हे पिल्लू राखण करेल का? त्याला अहवालात उत्तर नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना स्वभावाबद्दल विचारलं गेलं आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता आला. कुत्र्यांचे अभ्यासक रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी सत्तरच्या दशकापासून युरोप-आशियातली राखणदार कुत्री अमेरिकेतल्या मेंढपाळांना देऊन जे पाहिलं, तेही याला धरूनच आहे. पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांत मेंढ्यांमध्ये वाढलं तर मेंढ्यांना आपलं मानतं; त्या काळात घराच्या ओसरीवर वाढलं तर माणसांमागे फिरतं, मग आई-बाप कितीही नामांकित असोत.

म्हणून गद्दीची संदर्भयादी करायची, तर तिच्यातली कुत्री आज कळपाबरोबर चालणारी हवीत, वेगवेगळ्या खोऱ्यांतली आणि शक्यतो एकमेकांची नातलग नसलेली. पालमपूर किंवा चंदीगडच्या बंगल्यातून कुरिअरने आलेल्या काड्यांवर ती यादी उभी राहणार नाही. कुत्र्याच्या रंगाआधी त्याचं काम, मालकाचा येण्याजाण्याचा मार्ग आणि गेल्या हंगामात कळपातली किती जनावरं गेली, हे कागदावर यायला हवं. वहीही उघडी ठेवावी लागेल. पुढल्या वर्षी एखाद्या खिंडीपलीकडे नवं, कामाचं कुत्रं भेटलं तर त्याला आत घेता यावं. आणि नमुने गोळा करायला निघण्याआधी चंबा-भरमौरमध्ये फोन करून विचारावं, कळप अजून खाली आहेत की वर गेले.